सीटखालचा कागद

परवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जुन्या इंजिनातून पेट्रोल काढताना तो वास आला आणि लोणावळ्यातला बंगला आठवला. माझे वडील, आप्पा, तिथे राखणदार होते. परदेशी राहणाऱ्या मालकांची जुनी मोटरसायकल त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली होती. मालकांनी ती बोटीने मागवून घेतली. त्या दिवशी टाकी कोरडी करून माणसं गाडीला लाकडी पेटीत बांधत होती.

"तितं हिला चालू कोन करनार?" आप्पा म्हणाले.

पेटी ठोकणारा हसला. "काका, तिकडे मोठमोठे मेकॅनिक आहेत."

"आसतील. पर हिची खोड त्यास्नी ठाव न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इंग्रजीत लिव."

मी आठवीत होते. ते सांगत गेले: चावी न लावता दोन किका हळू मारायच्या, मग चोक निम्मा सोडायचा, जरा थांबून तिसरी जोरात. त्यातल्या निम्म्या गोष्टींना मला इंग्रजी शब्दच सुचले नाहीत. ते मी गाळलं.

"समदं लिवलंस न्हवं?"

"व्हय."

आप्पांनी कागद सीटखाली सरकवला आणि निर्धास्तपणे पेटी बंद करू दिली.

तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. पण आप्पा अजून आमच्या गावी, कान्ह्यात, सगळ्यांना सांगतात, "पोरीनं लिवलं, म्हनून गाडी तितं चालू झाली." खरं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी शेजारी मान खाली घालून उभी असते, आणि लोकांना वाटतं, पोरगी लाजाळू आहे.