जायच्या वर्षातले टायर

कुवेतमध्ये बर्फ पडत नाही, पण टायर बदलायचा मोसम तिथेही असतो. हिवाळा लागला की तिथली माणसं वाळवंटात तंबू ठोकतात आणि सुट्टीला तिकडे जाण्यासाठी मोठ्या गाड्यांना वाळूत चालणारे रुंद टायर चढवतात. मार्चमध्ये तंबू उठतात, रुंद टायर उतरतात, साधे चढतात. राई नावाच्या भागातल्या टायरच्या दुकानांसमोर तेव्हा रांगा लागायच्या. आम्हाला तंबूही नव्हते आणि रुंद टायरही नव्हते, पण उन्हाळ्याआधी जुने टायर बदलायला आम्हीही त्याच रांगेत उभे राहायचो. जूनपासून रस्ता इतका तापतो की जुनं रबर धावता धावता फुटतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पेट्रोकेमिकलमधला इंजिनियर मी, उष्णतेने रबराचं काय होतं हे शिकूनच पोट भरत होतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला अजाण समजून कोणी माफ करायला नको.

आमचा टायरवाला रत्नागिरीकडचा होता. वयाने माझ्याहून मोठा, कमी बोलणारा, आणि बोलला की टोचणारा. मी मूळचा नाशिकचा, त्यामुळे दुकानात गेलो की आमचं मराठीतच चालायचं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, हे मला त्यानेच शिकवलं. एवढी डिग्री घेऊन मला ते माहीत नव्हतं. तो गुडघे टेकून बसायचा, आकडे वाचायचा, मग अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघायचा. नख रुतलं तर चालेल म्हणून मान हलवायचा. नाही रुतलं, म्हणजे रबर कडक झालेलं असलं, तर नुसता माझ्याकडे बघत राहायचा.

"साहेब, तंबू उठले," असं त्याने शेवटच्या मार्चमध्ये म्हटलं तेव्हा त्याचं नख रुतलं नव्हतं. "बदला आता. पाच उन्हाळे झाले याला."

"नक्षी बघ की किती आहे," मी म्हटलं. मी रोज कंपनीच्या बसने कामावर जायचो. गाडी सालमियात बिल्डिंगखाली उन्हात उभी असायची आणि शुक्रवारी भाजीला नाहीतर समुद्रावर निघायची. टायर झिजले नव्हतेच.

"नक्षी काय बगताय, वय बगा. हितला उन्हाळा नक्षीला नाय विचारत."

"अरे, पण आम्ही जूनमध्ये जातोय. कायमचे. तीन महिन्यांसाठी नवे टायर कशाला?"

त्याने हात पुसले आणि म्हणाला, "तुमी जाताय, साहेब. गाडी तर हितंच राहणार ना?"

मला राग आला. धंदेवाईक माणूस, त्याला चार टायर खपवायचेत, असं मनाशी म्हणत मी गाडी मागे घेतली. खरं तर त्याने मला आजवर गरजेपेक्षा एक वॉल्व्हही जास्त विकला नव्हता.

आता 'जायचं वर्ष' म्हणजे काय ते सांगायला हवं. तिथे राहणाऱ्या आमच्यासारख्या प्रत्येक घरात एक जायचं वर्ष असे. एकदा ते ठरलं की घरात नवी वस्तू येणं बंद. बादलीला चीर गेली तर ती चीर खालच्या बाजूला येऊ नये म्हणून बादली तिरकी भरायची. पडद्याची दांडी निखळली तर सुतळीने बांधायची. फ्रीजच्या दाराला आमच्याकडे चिकटपट्टी होती. पाहुणे आले की बायको हसून सांगायची, "जायचं वर्ष आहे ना," आणि पाहुण्यांना ते लगेच पटायचं, कारण त्यांच्याही घरी कुठेतरी सुतळी बांधलेली असायची. गंमत अशी, की जायचं वर्ष यायचं आणि माणसं जायची नाहीत. मुलाची दहावी निघायची, करार वाढायचा, पुण्यातला फ्लॅट पूर्ण व्हायचा राहायचा. आमचं ते तिसरं जायचं वर्ष होतं. म्हणजे टायर मी त्याच सबबीवर तिसऱ्यांदा पुढे ढकलत होतो. आज करू, उद्या करू नव्हे; आपल्याला कुठे करायचंय, अशी ती वृत्ती. दुसऱ्याच्या देशात इतकी वर्षं आम्ही पाय न टेकता उभे राहिलो आणि त्यालाच काटकसर म्हणत आलो.

या वेळी मात्र आम्ही खरंच निघालो. निघणाऱ्याने सामान नव्यांना वाटायचं, ही तिथली रीत. कुकर एकीला, पलंग दुसऱ्याला, तुळशीची कुंडी तिसरीला. गाडी आमच्याच सेक्शनमधल्या एका पुणेकर मुलाने घ्यायची ठरली. मुलगा म्हणजे तिशीचा होता, बायको आणि चार वर्षांची मुलगी नुकतीच हिवाळ्यात आली होती. ऑफिसात मला सर म्हणायचा आणि घरी दादा.

गाडी बघायला आला त्या संध्याकाळी आम्ही समुद्राकाठच्या रस्त्याने चक्कर मारली. इतक्या सावकाश गाडी चालवणारा माणूस मी कुवेतमध्ये दुसरा पाहिला नाही. मागून टॅक्सीवाले हॉर्न वाजवून बेजार झाले. मी म्हटलं, "अरे, बैलगाडी हाकतोयस का?" मागच्या सीटवर त्याची बायको हसली आणि म्हणाली, "दादा, यांच्याबरोबर निघायचं तर डबा घेऊनच निघावं लागतं."

खाली उतरल्यावर त्याने गाडीभोवती फेरी मारली. कामातही तो असाच नीट होता. मागच्या चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "दादा, टायरचं काय? बदलायला हवेत का?"

त्या क्षणी खरं सांगायला मला काहीही लागलं नसतं. मोलभाव तर केव्हाच संपला होता. पण टायर खराब आहेत म्हटलं असतं तर मग तुम्ही बायकोमुलांना घेऊन यावरच फिरत होतात का, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर आला असता. सेक्शनमधला सगळ्यात जाणता माणूस म्हणून तो माझ्याकडे बघायचा. मला ते टिकवायचं होतं. म्हणून मी बुटाने चाक ठोकरलं आणि म्हटलं, "नक्षी बघ ना. अख्खी आहे. पुढच्या वेळी तंबू उठतील तेव्हा बदल."

"ठीक आहे," तो म्हणाला. माझ्या शब्दावर त्याने गाडी दुसऱ्या कोणाला दाखवलीही नाही. गाडी नावावर करताना तपासणी झाली, तिथल्या माणसानेही नक्षीच पाहिली आणि शिक्का मारला.

विमानात बायकोने विचारलं, "त्याला टायरचं सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.

जुलैच्या शेवटी सेक्शनमधल्या एकाचा फोन आला. शुक्रवारी दुपारी आमची गाडी घेतलेला तो मुलगा एकटाच जहराला मित्राकडे जेवायला निघाला होता. शाळांना सुट्ट्या म्हणून बायको-मुलगी पुण्यात होत्या. मोठ्या रस्त्यावर मागचा टायर फुटला, गाडी कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंतही तो राहिला नाही. मी फोन ठेवला. मला त्याचा चेहरा आठवायला हवा होता. आठवलं ते टायरवाल्याचं न रुतणारं नख.

बायकोला मी एवढंच सांगितलं की अपघात झाला. टायरचं बोललो नाही. ते तिला मागाहून दुसऱ्यांकडून कळलं, आणि त्यानंतर तिने माझ्यासमोर तो विषय कधी काढला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी पुण्याला त्याच्या बायकोला भेटायला जायला हवं होतं. नाशिकहून पुणं असं कितीसं लांब. नवं घर लावायचंय, प्लंबर यायचाय, असं म्हणत मी दिवस काढले. महिन्याभराने एका सकाळी तिचाच फोन आला.

"दादा, एक विचारायचं होतं." आवाज अगदी शांत होता. "तिकडच्या पोलिसांच्या कागदात लिहिलंय की गाडी फार वेगात होती. सासरेही तेच धरून बसलेत, एकटा होता म्हणून पळवली असेल म्हणतात. पण तुम्ही बघितलं होतं ना हो, ते कसे चालवायचे?"

"हो, वहिनी. बघितलं होतं."

"मला काही कोणाशी भांडायचं नाहीये. फक्त मला कळायला हवंय. तुम्ही इतकी वर्षं ती गाडी वापरलीत. टायर जुने होते का? कधी काही त्रास झाला होता?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हातात लाटणं तसंच.

आजवर मी स्वतःला किती वेळा सांगितलं आहे की तिने अचानक विचारलं, मी गडबडलो. ते खोटं आहे. मला विचार करायला पुरेसा वेळ होता. तिने घाई केली नाही, पलीकडे ती थांबून राहिली होती.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "टायर चांगले होते."

"म्हणजे त्यांचंच चुकलं," ती म्हणाली. मग सवयीने, "बरं, दादा. वहिनींना सांगा हं, विचारलं म्हणून," आणि फोन ठेवला.

मी वळलो तेव्हा दारात कोणी नव्हतं. आत पोळपाटावर लाटणं फिरत होतं.

आता माझ्या गाडीचे टायर मी दर चार वर्षांनी बदलतो. नाशिकचा टायरवाला हसतो, काका, अजून दोन वर्षं आरामात जातील म्हणतो. मी ऐकत नाही. असं केल्याने कोणाचं काही भलं होत नाही हे मला कळतं.

त्यांची मुलगी आता मोठी झाली असेल, गाडी शिकायच्या वयाची. ती पहिल्यांदा गाडी चालवायला बसेल तेव्हा घरातलं कोणीतरी तिला काळजीने सांगेल, "हळू चालव गं, बाबांसारखी पळवू नकोस." आणि ती ते खरं मानेल.