बंद सर्व्हरचं पान

सोलापुरातल्या आमच्या रक्तपेढीच्या वेबसाइटपुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवायला तो तंत्रज्ञ एकदाच आला होता. वेबसाइट उघडणाऱ्याला आधी ही प्रॉक्सी भेटते आणि आतल्या सर्व्हरला विचारून उत्तर देते. काम झाल्यावर त्याने चष्मा पुसला आणि आतला सर्व्हर मुद्दाम बंद केला. पडद्यावर एक आकडा आणि इंग्रजी ओळ आली. त्या जागी त्याने मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं, ‘वेबसाइट बंद आहे, रक्तपेढी चालू आहे. फोन करा.’ खाली आमचा नंबर टाकला.

“एवढं कशाला?” मी विचारलं.

“मागं आईसाठी तुमचीच वेबसाइट उघडली, तर असंच इंग्रजी आलं. रक्त न्हाय असं समजून आमी तिला घेऊन पुण्याला निगालो. ती वाटेत टेंभुर्णीपर्यंतच पोचली.”

गेल्या आठवड्यात सर्व्हर बंद पडला. ते मला कळायच्या आत टेबलावरचा फोन वाजला.