चाव्यांचे मामा

"चावी द्या आणि सुटा!"

हात असा तळवा वर करून पुढे. प्रसाद घ्यायला करतात ना, तसा. मे महिना उजाडला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली मामा हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणायचे. समोर आम्ही कोणीतरी, एका काखेत मूल, दुसऱ्या हातात ट्रंक, दातात रुमाल, आणि तोंडावर "काहीतरी विसरलंच" असा भाव.

"गॅस बंद केल्यात मा, वयनी?"

"केला हो."

"नळ?"

नळ राहिलेला असायचाच. मग मी ट्रंक तिथेच टाकून पुन्हा वर पळायची, आणि खाली माझी मनू आणि बाळ्या मामांच्या दोन गुडघ्यांवर बसून लिमलेटच्या गोळ्या चोखायचे. प्रवासाला निघताना पोरांना गोळ्या देऊ नका, ओकतात, हे मी त्यांना दरवर्षी सांगायची. ते दरवर्षी मान डोलवायचे.

मुलुंडला, नाहूरच्या बाजूला, आमची दोन मजली बिल्डिंग. बारा बिऱ्हाडं, त्यातली नऊ कोकणातली. म्हणजे तुम्हीच विचार करा, मे महिन्यात काय होत असेल! शाळेचा निकाल लागला की आठ दिवसांत बिल्डिंग रिकामी. मागे उरायच्या तुळशी, लोणच्याच्या बरण्या, सावंतांचे मासे आणि हे मामा.

जिन्याखालच्या खोलीत राहायचे. पूर्वी गिरणीत होते. संपात गिरणी गेली, तेव्हापासून भांडुपला एका गोदामावर रखवालदार. पन्नाशीही झाली नव्हती, पण आम्हाला तेव्हा म्हातारेच वाटायचे. त्यांच्या खोलीत भिंतीला एक फळी होती, तिच्यावर खिळे, आणि खिळ्यांना सगळ्यांच्या चाव्या. वर नंबर नाही, आडनाव नाही. "ही मनूची, ही रेखाची, ही बंटीची," असं त्यांचं खातं. आमच्या ह्यांचं नाव त्यांना धड ठाऊक नव्हतं. ते होते "मनूचे पप्पा."

चावी दिली की मागे बघायला नको. तुळशीला पाणी, माशांना खाणं, पोस्टमनकडून पत्रं. सावंतांच्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली. परत यावं तर माठ भरलेला. "तुमी बिनधास्त जावा. मी आसंय मा!" हे त्यांचं दुसरं वाक्य. मी आहे ना. आणि ते असायचेच.

त्यांनाही बायको होती, दोन मुली होत्या, शुभा आणि बेबी. मालवणच्या बाजूला, बायकोच्या माहेरी. संप सुरू झाला त्या मे महिन्यात त्यांनी तिघींना सुट्टीसाठी म्हणून पाठवलं. संप मिटला की येतील. संप कसा मिटला ते तुम्हाला माहीत आहे. मुलींची नावं तिकडच्याच शाळेत घातली. चार वर्षं झाली तरी मामा काही एकदाही गेले नाहीत.

आम्ही विचारायचो. विचारायचो म्हणजे मीच विचारायची, मला कुठे गप्प बसवतं?

"मामा, तुम्ही कधी जाणार गावाला?"

"मी गेलंय तर हयसर कोण बगतलो?"

इथे कोण बघणार! वर हसायचे. मीही हसायची. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सासुरवाडीला, मेव्हण्याच्या दारात, नोकरी गेलेला जावई म्हणून उभं राहायचं त्यांच्या जिवावर यायचं. आमच्या चाव्या ही त्यांची सबब होती. आणि खरं सांगायचं तर आम्हाला ती सोयीची होती.

एका वर्षी आमचं जाणं हुकलं. निघायच्या आदल्या दिवशी बाळ्याच्या पाठीवर कांजिण्या उठल्या. झालं, वाट लागली. फणस नाही, समुद्र नाही, आजीचं कौतुक नाही. मनूने भोकाड पसरलं, बाळ्या खाजवतोय, हे ऑफिसला, आणि मी कडुलिंबाचा पाला आणायला वणवण फिरतेय. बिल्डिंग इतकी सुनसान की खालच्या नळाचं टपकणं वर ऐकू यायचं. एरवी पोरांच्या कलकलाटाने माझं डोकं उठायचं, तेव्हा तोच कलकलाट हवासा झाला. सुट्टीतली रिकामी बिल्डिंग मी पहिल्यांदाच बघत होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, शेजारच्या सावंतांच्या घरातून आवाज आला. सावंत सगळे गावाला. मी दचकलेच. मग लक्षात आलं, मामाच. माशांना खाणं घालायला आले असतील. पण ते बोलत होते.

"शुभे, हात धुतलंस? बेबीक घेवन ये. चल, जेवक बसूया."

मी गॅलरीच्या खिडकीतून डोकावले. नको होतं, पण डोकावले. मामा जमिनीवर मांडी घालून बसले होते. दिवा लावलेला. दोरीवर सावंतांच्या रेखाचा फ्रॉक वाळत राहिलेला. बाकी खोलीत कोणी नाही. जरा थांबून पुन्हा म्हणाले, "सावकाश. सांडू नको." मग उठले, दिवा मालवला, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं, आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी ते बंटीच्या घरात होते. त्याच्या पुढच्या दिवशी पलीकडच्या. पाचदहा मिनिटं, रोज एका घरात. स्वतःच्या खोलीत का नाही? मला वाटतं, तिथे पोरांचं काहीच नव्हतं. आमच्या घरांतून पाटी असायची, तुटकी बाहुली असायची, भिंतीवर खडूच्या रेघा असायच्या.

रात्री मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कोणाला सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगते?"

जूनमध्ये सगळे परतले. आमच्याकडे एक रीत होती, पहिल्या रविवारी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसून गावचा फणस फोडायचा. हाताला खोबरेल लावून बायका गरे काढणार, पोरं अवतीभवती, आणि गावच्या गप्पा. कोणाची जाऊ कशी वागली, कोणाच्या विहिरीला पाणी नाही. सगळ्यांकडे सांगण्यासारखं होतं. माझ्याकडेच काही नव्हतं. कांजिण्या काय सांगणार?

म्हणून मी मामांचं सांगितलं.

नुसतं सांगितलं नाही. नक्कल केली. मांडी घालून बसले, त्यांच्यासारखी मान वाकडी केली, आणि "शुभे, बेबीक घेवन ये" म्हटलं. आवाजसुद्धा काढला. नकला मला येतातच, लहानपणापासून. सगळ्या हसल्या. सावंत वहिनी तर चिकाच्या हातांनी डोळे पुसायला निघाल्या. मला आणखी चेव आला.

मग हसणं एकदम थांबलं. मी मागे वळून पाहिलं. मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे. ज्यांच्या न्यायच्या राहिल्या होत्या त्यांच्या चाव्या हातात घेऊन आलेले. त्यांनी चाव्या पायरीवर ठेवल्या, एकेक सुटी करून, आणि खाली गेले. मनू ओरडली, "मामा, गरे घ्या ना!" त्यांनी वळून तिच्याकडे बघून हात हलवला.

मला तेव्हाच उठून मागे जायला हवं होतं. नाही गेले. हाताला चीक आहे, असं स्वतःला सांगितलं.

त्या वर्षभरात त्यांनी कोणाला दुखावणारा एक शब्द काढला नाही. दिसले की हसायचे. पण मी समोरून आले की चपला शोधत खोलीत वळायचे. आणि पुढचा मे महिना आला तेव्हा काय झालं सांगू? कोणी त्यांना चावी दिलीच नाही. सावंत वहिनी म्हणाल्या, "तसा माणूस चांगला आहे गं, पण रिकाम्या घरात बसून बोलायचं म्हणजे... पोरीबाळींचं घर आहे." चावी त्यांनी भांडुपच्या भावाकडे ठेवली. दुसऱ्यांनी आणखी कुठे. एकीला पाहून दुसरी. मी? मला तर चावी घ्या म्हणायलाच तोंड नव्हतं. मी तुळस, पत्रं, माठ सगळं देवावर सोडलं.

आम्ही निघायला दहाबारा दिवस असतील. दुपारी दारात मामा. वर्षात पहिल्यांदा. काखेत कागदात बांधलेलं कापड, हातात सुतळी.

"वयनी, मशीन चालू आसा मा तुमचा? यंदा मी पन जातंय."

मी नुसतं "या, या" म्हटलं. कापड उलगडलं. मोरपिशी, वर बारीक पांढरी फुलं. दोघींना एकाच ताग्यातलं. त्यांनी मनूला हाक मारली, समोर उभं केलं, आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरून गाठ मारली.

"मोठी हिच्याएवडीच आसा."

मनू तेव्हा सहा वर्षांची. मी विचारलं, "मामा, तुमची शुभा कितवीत आहे?"

"चौथीत गेली. पत्रात लिवलेला आसा."

"अहो, मग चौथीतली मुलगी मनूएवढी कशी असेल?"

तोंडातून गेलं आणि मीच जीभ चावली. मामा सुतळी हातात धरून उभेच राहिले. त्या गाठीकडे बघत. त्यांना चौथी माहीत होती, वर्षं माहीत होती, सगळं तोंडपाठ होतं. पण डोळ्यांसमोर होती ती एसटीच्या खिडकीतली पाच वर्षांची पोर. ती काही वाढलीच नव्हती. दोन चमचे साखर जास्त घालून मी चहा केला, तरी ते सुतळीशीच बसले होते.

मग मी सावंतांच्या रेखाला बोलावलं, ते अजून निघायचे होते. ती चौथीतली. तिचं माप घेतलं. धाकटीसाठी मनूचं. दोन रात्री बसून फ्रॉक शिवले, शिवण आत दोनदोन बोटं सोडली, वाढत्या अंगाला. "शिलाईचं नाव काढलंत तर मामा, मशीन तुमच्या डोक्यात घालीन," म्हटलं. ते हसले. तेव्हा मी म्हणाले, "मामा, मागच्या वर्षी मी फार वाईट वागले हो."

"जावंदे, वयनी. तुमी सांगलात ता खोटा खंय होता?"

यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गेले, आणि सहाव्या दिवशी परत आले. आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो. मी जिन्यातच गाठलं.

"फ्रॉक बसले?"

"बसले. मोठीक बराबर बसलो."

"आणि?"

ते खालच्या पायरीवर बसले. दार मोठीनेच उघडलं होतं, म्हणाले. चांगली उंच झालीय, आईवर गेलीय. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि आत वळून ओरडली, "आये, कोण तरी काका इलेत!"

मामा हे सांगताना हसत होते. लोक असं हसतात, तुम्ही बघितलं असेल.

"गोड आसा पोरगी. पाणी दिता, चाय दिता. मेवणो पन बरो बोललो. पन हाक मारूक नाय एकदा पन. काका म्हनाक लाजता, आनि बाबा म्हनाक येना नाय. चार दिस नुसती 'ओ' करून बोलता." मग म्हणाले, "तिचो काय दोष? मी हयसर लोकांची घरां सांबाळत होतंय."

आमच्या चाव्या. 

आम्ही गावाहून परत आलो तेव्हा जिन्याखालची खोली रिकामी होती. मामांनी गोदामाची नोकरी सोडली आणि गावाला गेले, मेव्हण्याच्या बागेत काम करायला. कोणाचा निरोप घेतला नाही. घेणार तरी कोणाचा, आम्ही सगळे सुट्टीवर! त्या रविवारी फणस फोडला. गप्पा फारशा रंगल्या नाहीत. बाळ्याने चार वेळा विचारलं, "मामा कधी येणार?" सावंत वहिनींनी त्याच्या तोंडात गरा कोंबला.

मधल्या वर्षात मी नोकरीला लागले होते, आणि पुढच्या मे महिन्यात रजा उशिरा मिळाली. हे मुलांना घेऊन पुढे गेले, मी आठ दिवसांनी जाणार होते. एकटी, आयुष्यात पहिल्यांदा. ऑफिसातून यायचं, एका माणसाचा भात टाकायचा, तोही उरायचा. बोलायला कोणी नाही म्हणजे काय, ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं. अगदी चांगलं कळलं.

चौथ्या दिवशी दाराच्या फटीत एक पोस्टकार्ड. अक्षर मुलीचं, मोठं, प्रत्येक ओळ जरा वर चढत गेलेली.

"सौ. मनूच्या आईस, सा. न. आम्ही सर्व बरे आहोत. तुम्ही शिवलेला फ्रॉक मला तोकडा झाला म्हणून आईने शिवण उसवून वाढवला आहे. आता बेबी घालते तेव्हा लांब होतो. सुट्टीत मनूला व बाळ्याला घेऊन इकडे या, आंबे आहेत. प्रवासात मुलांना गोळ्या देऊ नका. हे सर्व बाबा सांगतात म्हणून लिहिते. बाबा शेजारीच बसले आहेत आणि अक्षर नीट काढ म्हणतात. कळावे. शुभा."

ते "बाबा" मी बोटाने दोनदा चाचपून पाहिलं. डोळे भरून आले. पत्र घेऊन तशीच धावत गॅलरीत आले. सांगायला कोणी नव्हतं.