पंगतीतून उठणारी माणसं

आमच्या अक्काच्या दिरांसारखा परक्या माणसांच्या गुडघ्यांकडे टक लावून बघणारा आणि तरीही आजवर कुठल्याही गावात मार न खाल्लेला गृहस्थ अख्ख्या बिदर जिल्ह्यात सापडायचा नाही. चेहरा हा माणसाचा सगळ्यात निरुपयोगी अवयव आहे, असं त्यांचं ठाम मत. शाळेतला जुना मित्र येऊन गळ्यात पडला तरी ते कोऱ्या नजरेनं बघत राहतात, आणि तो बिचारा वैतागून परत फिरला की मागून हाक मारतात, "आरं, तू डावी टाच उचलून चालणारा न्हवं का?" आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत स्नायूंच्या आजारांवर संशोधन करतात. त्यांच्या गावात, कमठाण्यात, मात्र ते कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर असून इतकी वर्षं बढती मिळत नाही म्हणून सगळे हळहळतात. हा गैरसमज अण्णांनी कधी खोडला नाही. खोडायचा तर समजावून सांगायला हवं, आणि ते समजावून सांगायला लागले की ऐकणाऱ्याचं काही खरं नसतं. माझ्या सासऱ्यांनी एकदा निव्वळ सभ्यपणा म्हणून "मग, सध्या काय करायलाव?" असं विचारलं. त्यांची औरादची शेवटची बस गेली आणि ते आमच्याकडे मुक्कामाला राहिले.

अण्णांचं हाडवैर खुर्चीशी. बसलेली माणसं सगळी सारखीच दिसतात, माणूस कळतो तो उठताना, असा त्यांचा सिद्धांत. आणि उठणारी माणसं इतक्या संख्येनं जेवणाच्या पंगतीखेरीज कुठं बघायला मिळणार? म्हणून नात्यात लग्न निघालं की अण्णा आदल्या दिवशीच हजर होतात आणि जेवण टेबलावर आहे की जमिनीवर एवढीच चौकशी करतात. बुफे असेल तर मयताला आल्यासारखा चेहरा करून बसतात. कलबुर्गीच्या एका केटरिंगवाल्याला त्यांनी भर मांडवात सुनावलं होतं, "तुमच्या खुर्च्यांनी निम्मे आजार झाकून टाकलेत." तो खुर्च्या कालच धुतल्याचं शपथेवर सांगत राहिला. पंगत असेल तर मात्र अण्णा पँट दुमडून वरणाची बादली उचलतात आणि वाढायला लागतात. नजर पानावर नसतेच. एकदा एका सरपंचांच्या पानात त्यांनी इतकं वरण ओतलं की ते वाहत त्यांच्या मांडीवर गेलं, कारण पलीकडे एक म्हातारबुवा हात टेकून उठत होते आणि तो टेकलेला हात वयाचा आहे की आजाराचा, हे अण्णांना ठरवायचं होतं. वयाचा निघाला. सरपंचांचा पांढरा लेंगा मात्र कायमचा कामातून गेला.

माझ्या मामेबहिणीला बघायला भालकीचं स्थळ आलं, तेव्हाची गोष्ट तर अजून सांगतात. बाकीच्यांनी नोकरी, शेती, स्वभाव सगळं विचारून घेतलं. अण्णा मुलाच्या गुडघ्यांकडे बघत होते. चहा झाल्यावर ते मुलाला म्हणाले, "जरा जमिनीवर बसा, अन् हात न टेकता उठून दाखवा बरं." मुलगा इंजिनीअर, पँट नव्या फॅशनची. तो बसला, पण उठायच्या आधीच शिवणीनं दगा दिला. लग्न झालं, संसार सुखाचा चाललाय, पण तो जावई आजही अण्णा असले की खाली बसत नाही, उभ्यानंच चहा पितो.

माझं स्वतःचं लग्न ठाणाकुशनूरला झालं. त्रिशरण-पंचशील होऊन, हार घालून सगळं लवकर उरकलं, आणि अण्णांच्या हट्टापायी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पंगत बसली. अण्णा बादली घेऊन खुशीत फिरत होते आणि मी गळ्यातल्या हाराआडून मजा बघत होतो. पहिली पंगत उठली. मुलींच्या ओळीत अक्काची लेक सुजाता होती, आमची सुजी, तेव्हा शाळेत जाणारी. बाकीच्या पोरी टुणकन उठून हात धुवायला पळाल्या. सुजीनं आधी दोन्ही हात जमिनीवर टेकले, मग गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखी ती हळूहळू उभी राहिली. उभी राहून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. अण्णांनी बादली दोन ओळींच्या मधे ठेवली आणि ते तिथंच उकिडवे बसले. आयुष्यभर परक्यांच्या पंगतींत वाकून वाकून जे उठणं ते शोधत होते, ते त्यांना घरच्याच पंगतीत दिसलं होतं. लोकांना वाटलं, बादली जड झाली.

तपासण्यांनी अण्णांची शंका खरी ठरवली. मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू वर्षागणिक झिजत जाणारा आजार, त्यावर औषध अजून नाही. तेव्हापासून अण्णांना एक नवीच सवय लागली. सुजी उठायला लागली की ते चष्मा काढून पुसायला घेतात. चष्मा स्वच्छच असतो.

तपासणीसाठी दवाखान्यात सुजीच्या मांडीतला हरभऱ्याएवढा तुकडा काढला होता. घरच्यांच्या परवानगीनं त्यातला थोडा अण्णांच्या प्रयोगशाळेत गेला आणि तिथं त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढायला लागल्या. या पेशींना रविवार कळत नाही. त्या ज्या गुलाबी पाण्यात राहतात ते वेळच्या वेळी बदलावंच लागतं. त्यामुळे अण्णा बारशातून, साखरपुड्यातून, एकदा तर सख्खा चुलता वारल्यावरच्या पुण्यानुमोदनातून "पेशींची जेवणाची वेळ झाली" असं जाहीर करून निघून गेले. अक्कानं ते जेवण फार मनावर घेतलं.

"काय खातेत त्या, भावजी?"

"साखर, मीठ, जीवनसत्त्वं. सगळं त्या पाण्यातच असतंय, वैनी."

"नुस्तं पाणी? माझ्या लेकीला आमटी बी पातळ चालत न्हाई."

लेकरू परगावी असलं तरी सणाला त्याच्या नावानं वाटी काढून ठेवायची, ही अक्काची रीत. त्याप्रमाणे दर बुद्धपौर्णिमेला बशीतल्या सुजीसाठी खिरीचा डबा निघायला लागला. खरं तर अण्णांनी तो नाकारायला हवा होता, कारण प्रयोगशाळेत खाण्याचा पदार्थ आणू नये हा नियम त्यांनीच दारावर चिकटवलाय. तरी ते डबा इमानानं हैदराबादला नेत, दाराबाहेरच्या स्टुलावर थोडा वेळ ठेवत, आत जाऊन पेशींना "वैनीनं खीर पाठवलीय" असं सांगत, आणि मग बाहेर येऊन स्वतः खात. हे मला त्यांच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. तिला वाटलं होतं, ही बिदरकडची काहीतरी शास्त्रीय पद्धत असावी.

अडचण अशी होती की सुजीच्या पेशी एकमेकींना जोडून त्यांचे लांब तंतू झाले, पण ते तंतू नुसते पडून राहायचे. स्नायूला हलवायला चेतापेशी लागते. म्हणून अण्णांनी त्यांच्या शेजारी दुसऱ्या पेशी सोडल्या, पुढे जाऊन चेतापेशी होतील अशा. मी शाळामास्तर, त्यामुळे मला कळेल अशा भाषेत ते म्हणाले, "बी.एड. झालेली पोरं समज. शिक्षण झालंय, नेमणूक व्हायची हाय." त्या नेमणुकीची वाट बघण्यात वर्षं गेली. इकडे सुजी कॉलेज संपवून घरी शिकवण्या घ्यायला लागली, आणि तिनं जिना चढायचं सोडून दिलं. अशात करजगीच्या एका पाहुण्यांनी बातमी आणली की कुठल्याशा मोठ्या शहरात एक जण स्टेम सेलचं, म्हणजे असल्याच उमेदवार पेशींचं, इंजेक्शन टोचून असल्या माणसांना चालतं करतो. अक्कानं लगेच पिशवी भरायला घेतली. ज्यांचा आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता, ते अण्णा दारात आडवे उभे राहिले.

"वैनी, असल्या पेशी मी इतकी वर्षं बशीत वाढवायलोय. मला अजून त्यांचा भरवसा न्हाई. त्यानं कुठून आणला?"

"मग तुमी काय केलाव इतकी वर्षं?" अक्का म्हणाली. "बघायलाव. नुस्तं बघायलाव."

अण्णा दारातून हलले नाहीत. शेवटी सुजीनंच "मी जात न्हाई" म्हणून पिशवी रिकामी केली. पण अक्का दिराशी बोलायची बंद झाली. त्या वर्षी बुद्धपौर्णिमा आली आणि गेली, खिरीचा डबा काही निघाला नाही. अण्णा त्या दिवशी स्टँडवर रिकाम्या हातानं बसची वाट बघताना दिसले, तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

पुढे एका सकाळी त्यांचा फोन आला. ज्यांच्या बोलण्यापायी माणसांच्या बस चुकतात ते अण्णा फक्त "सुजीला घेऊन ये, वैनीला बी आण" एवढंच बोलले. मी दोघींना घेऊन गेलो. अक्का वाटभर खिडकीबाहेर बघत होती. प्रयोगशाळेत अण्णांनी सुजीला खुर्चीवर बसवलं, होय, खुर्चीवर, आणि सूक्ष्मदर्शक तिच्या उंचीला लावून दिला. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मामा," ती मला म्हणाली, "हलायलंय की हे."

मी बघितलं. लांब लांब तंतू पसरलेले. त्यातला एक थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. उमेदवार पोरांना नेमणूक मिळाली होती.

"हे औषध न्हाई बरं का," अण्णा घाईनं म्हणाले. "आता ह्याच्यावर औषधं तपासून बघता येतील, एवढंच. त्याचा तुला उपयोग व्हईल का, हे मला सांगता येत न्हाई."

"म्हंजी मला जिना चढवंना," सुजी म्हणाली, "अन् माझी मांडी हितं हैदराबादला कवायत करायलीय."

शेवटी अक्का पुढे झाली. पदर सावरून वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "भावजी, आज ह्यांचं जेवण झालं का?"

"सकाळीच घातलं, वैनी."

"अन् तुमचं?"

अण्णांचं झालं नव्हतं. अक्कानं पिशवीतून भाकरी आणि शेंगाची चटणी काढली, आणि दारावरचा नियम वाचून आम्ही सगळे बाहेर जायला निघालो.

सुजी उठायला लागली. एक हात खुर्चीवर, एक टेबलाच्या कडेवर, मग मांडीवर. अण्णांचा हात सवयीनं चष्म्याकडे गेला.

"काका, चष्मा राहू द्या," ती म्हणाली. "सगळ्या जिल्ह्याचं उठणं बघत फिरताव. माझं बी बघा की."

अण्णांनी हात खाली घेतला आणि बघायला लागले. सुजीला वेळ लागला. आम्ही कुणीच घाई केली नाही. ती पुरती उभी राहीपर्यंत अण्णांनी तिच्यावरची नजर काढली नाही, आणि त्या दिवशी प्रथमच त्यांचा चष्मा खरोखर पुसायला झाला होता.