रेक्टरसाहेबांसाठी गाणं

माझी मावशी विद्यापीठाच्या वसतिगृहात चादरी धुते. त्याच वसतिगृहात ती कधीकाळी शिकायला राहिली होती. आपल्या आदिवासी भाषेत बोलली म्हणून तेव्हाच्या रेक्टरनं सगळ्यांदेखत तिच्या तोंडात साबण कोंबला. तिनं शिक्षण सोडलं. साबणाशी मात्र जन्माची गाठ पडली.

यंदा आदिवासी वारसा दिनाला तोच रेक्टर प्रमुख पाहुणा म्हणून मिरवायला आला! आयोजक बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्या भाषेत काहीतरी गोड म्हणा ना." मावशी पटकन हो म्हणाली.

तिनं सूर लावला आणि मागच्या रांगेतले आम्ही नातेवाईक मुकाट्यानं उभे राहिलो. या गाण्याला आमच्यात कुणी बसून राहत नाही. आमचं बघून सगळा हॉल उठला. रेक्टरही उठला आणि ताल धरून टाळ्या पिटू लागला. गाण्यात स्वतःचं नाव ऐकून तर म्हातारा फुलूनच गेला.

"वा! हे कधी म्हणतात?" त्यानं माइकवरच विचारलं.

"मयत उचलताना," मावशी म्हणाली. "नाव मेलेल्याचं घेतात. तुमची वाट बघून थकले हो, म्हणून आजच उरकून घेतलं."