मिऱ्याचा स्वयंपाक

श्राद्धाच्या स्वयंपाकाला आले, की आमचे आचारी वामनअण्णा आधी घराची झडती घेत. फ्रिजमधल्या हिरव्या मिरच्या, तिखटाचा डबा, लोणच्याची बरणी, सगळं बाल्कनीत जाई. मगच हात धुऊन ते गॅस पेटवत.

अण्णा मूळचे निपाणीचे, राहायला यशवंतपूरला. माझ्या आईच्या श्राद्धाला ते दरवर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे बेळ्ळंदूरला येत, आणि वाटेतल्या ट्रॅफिकचा राग मिरे कुटताना काढत. श्राद्धाला तिखट म्हणून फक्त मिरे, हा त्यांचा नियम. आमच्या पुण्याच्या घरी एवढं कोणी पाहत नसे. मी कारण विचारलं, तर त्यांनी इतिहासच ऐकवला.

"मिरे आपले, मलबारचे. मिरची काल आली बघा, पोर्तुगीजांच्या जहाजातनं. नावसुद्धा मिऱ्यावरनं घेतलं. पितरांना तिची ओळख कुठली?"

"आणि जिरं? तेही बाहेरूनच आलंय ना?"

"ते लई आधी आलं. घरचं झालं."

त्यांचा हा हट्ट मला आवडायचा. बाबांच्या वर्षश्राद्धाला मात्र तो सोसवेना. शेवटच्या आठवड्यात बाबांनी भाकरीबरोबर ठेचा मागितला होता. डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं; मी "लहान मुलासारखं काय करता?" म्हणून ओरडलो. त्यानंतर त्यांनी काही मागितलंच नाही. वर्षभर ते मला खात होतं.

म्हणून त्या सकाळी मी स्वतः ठेचा वाटला आणि वाटी अण्णांपुढे ठेवली. "हा बाबांच्या पानात वाढा."

"व्हायचं नाही ते."

"अण्णा, पिंड तीन पिढ्यांचे. बाबा, आजोबा, पणजोबा. तिघंही जन्मभर मिरची खाऊन गेले. तिला न ओळखणारा आहे कोण यात?"

खोटं कशाला सांगू, अण्णांना पेचात पकडल्याचं मला बरं वाटलं.

त्यांनी गॅस बारीक केला. "सरी, बरोबर आहे तुमचं. मी बोलतो ते आमच्या वडिलांचं पाठांतर. स्वल्प बसा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची ही आजारी होती तेव्हा मिरचीचं लोणचं मागत होती. पोटाला सोसणार नाही म्हणून मी दिलं नाही. मग वर्षश्राद्धाला स्वयंपाकघराचं दार लावून तिच्या पानात मीच वाढलं."

"मग?"

"मग काय? काही हलकं झालं नाही. वाढायचं तर वाढा तुम्ही. पण ते वडिलांसाठी नव्हे, एवढं कळून वाढा."

मी वाढलं. जेवणं उरकल्यावर अण्णांनी भांडी आवरता आवरता एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली, माझंही काही हलकं झालं नाही हे कबूल करायची लाज वाटली. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं होतं. त्याआधीच अण्णा गेले.