मोठ्या बाबांची तुटक रेघ

आमच्या घराण्याच्या वंशावळीत मोठ्या बाबांच्या नावाला तुटक रेघ जोडायची, ही कल्पना माझी. ती कुणी सुचवली नव्हती आणि घाईगडबडीतही झाली नव्हती. मी पट्टी लावून, छोट्या छोट्या तुकड्यांत ती रेघ काढली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात सूचीही दिली. सरळ रेघ म्हणजे वंशज. तुटक रेघ म्हणजे रक्ताचे नाते नाही. पंचवीसहून जास्त वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशाखाली सूची नसेल तर मुलांचे गुण कापतो. तीच सवय मी घरच्या माणसावर चालवली.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्याकडे वडिलांच्या मोठ्या भावाला मोठे बाबाच म्हणतात. ऐंशी कधीच ओलांडलेत. कुरुंद्याच्या पलीकडे आमचं गाव आहे, तिथं ते दोन मुलांसोबत राहतात आणि अजून रोज हळदीच्या शेतात चक्कर मारतात. मी नोकरीमुळे हिंगोलीला असतो.

त्यांची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, फक्त कुणी ती बोलत नसे. माझ्या आजोबांची पहिली बायको मूल न होताच वारली. मग त्यांनी एका विधवेशी पाट लावला. ती माझी आजी. ती आमच्या घरात आली तेव्हा तिच्या कडेवर पहिल्या नवऱ्याचं दीड वर्षाचं पोरगं होतं. ते पोरगं म्हणजे मोठे बाबा. नंतर माझे वडील झाले, मग धाकटे काका. तिघांना आजोबांनी एकाच ताटात जेवू घातलं आणि एकच आडनाव दिलं.

हे आडनाव मोठ्या बाबांना फार प्रिय. एसटीत शेजारच्यानं नुसतं ‘कुठले तुमी?’ विचारलं तरी ते गावाच्या आधी आडनाव सांगायचे. तलाठ्याकडे अंगठा उठवण्याआधी ते आडनाव खणखणीत म्हणायचे, जणू अंगठ्याला ते ऐकू गेलं पाहिजे. लहानपणी महाशिवरात्रीला ते मला खांद्यावर बसवून औंढ्याच्या जत्रेला न्यायचे. गर्दीत मी हरवू नये म्हणून वाटेत माझ्याकडून आडनाव दहादा घोकून घ्यायचे. म्हणायचे, तुझं नाव विसरलास तरी चालंल, आडनाव सांग. कुणीबी घरी आणून सोडंल.

वंशावळीचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते अमेरिकेतून. धाकट्या काकांची नात, म्हणजे माझ्या चुलतभावाची मुलगी, तिकडे असते. तिचा नवरा तिकडचाच, अमेरिकन. लग्नानंतर सासूनं तिला एक मोठी फ्रेम दाखवली. त्यांच्या आडनावाची आठ पिढ्यांची वंशावळ. पहिला पूर्वज जहाजातून उतरला तो अगदी वर, मग त्याची मुलं, त्यांची मुलं, कोण कुठल्या परगण्यात शेती करत होता, कोण कुठं पुरला. सासूनं विचारलं, तुमच्या आडनावाचं असं काही आहे का? पोरीला पणजोबाच्या पुढं नाव येईना. तिनं मला फोन केला, काका, तुम्ही मास्तर आहात, तुम्हीच शोधा. बिचारीच्या आवाजात ओशाळलेपण होतं. माझ्या मनात मात्र चुरस लागली. म्हटलं, त्यांच्या आठ तर आपल्याही आठ.

उन्हाळ्याची सगळी सुट्टी मी त्यात घातली. निजामाच्या वेळची शेताची कागदं उर्दूत. ती वाचून द्यायला हिंगोलीत कचेरीतले एक निवृत्त पेशकार सापडले. जाड भिंगाचा चष्मा लावून ते एकेक नाव आधी मनात चाखायचे, मग मोठ्यानं म्हणायचे. मला नीट ऐकू आलं की ‘बराबर?’ विचारायचे. जुनं नाव सापडलं की माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा आणि घरात चहाची वर्दी जायची. सात पिढ्या लागल्या. आठवी काही केल्या मिळेना.

मग निदान जन्मतारखा तरी मिळाव्यात म्हणून मी गावच्या शाळेत जुनं दाखलखारीज, म्हणजे मुलांच्या नोंदीचं रजिस्टर, पाहायला गेलो. मोठे बाबा शाळेत जेमतेम दोन पावसाळे गेलेले. वाचायला शिकले नाहीत. पण त्यांची नोंद होती. नावापुढे आधी दुसरंच आडनाव लिहिलेलं, त्यांच्या जन्मदात्याचं. त्यावर तांबड्या शाईनं काट मारून आमचं आडनाव लिहिलेलं, आणि समासात आजोबांचा अंगठा.

आज मला कळतं की तो अंगठा म्हणजे आजोबांचं सांगणं होतं. पेरणीच्या दिवसांत काम टाकून माणूस शाळेत गेला असेल आणि मास्तरला म्हणाला असेल, हे पोरगं माझं हाय, नीट लिवा. पण त्या दिवशी मला फक्त खोडलेलं आडनाव दिसलं. पुरावा मिळाल्यासारखं मी त्याचा फोटो काढला.

घरी येऊन मी मोठ्या बाबांचं नाव गाळूनच टाकलं. तो कागद बायकोनं पाहिला. ती म्हणाली, ज्यांनी आपल्या लग्नात तुमच्या वडिलांच्या जागी उभं राहून अक्षता वाटल्या त्यांना तुम्ही गाळता? तेव्हा मी मध्यम मार्ग म्हणून तुटक रेघ आणली. त्यावर ती म्हणाली, “मामंजींची अन् त्यांची आई एकच ना? मग रक्ताचं नातं नाही, असं कसं लिहिता?”

मी तिला समजावलं की वंशावळ बापाकडून चालते. कागदावर सगळे पुरुषच होते. आजीला त्यात चौकोनच नव्हता. ज्या बाईमुळे मोठे बाबा आमचे होते तिला जागा नाही, म्हणून त्यांना लावायला सरळ रेघ नाही. मला ते शास्त्रशुद्ध वाटलं.

चंपाषष्ठीला आमची सगळी भावकी गावात जमते. खंडोबाचे टाक मोठ्या बाबांच्या देवघरात असतात, कारण घरात थोरले तेच. घरच्या हळदीचा भंडारा दळलेला असतो. तळी उचलायला पाच पुरुष ताटाला हात लावतात, आणि पहिला हात थोरल्याचा. आजोबा गेल्यापासून तो हात मोठ्या बाबांचा. त्या वर्षी मी वंशावळीचा फ्लेक्स करून आणला आणि ओसरीवर लावला. लोक कौतुकानं बघत होते, आपापल्या नावावर बोट ठेवून फोटो काढत होते.

मोठ्या बाबांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. म्हणाले, चाल, मला सगळे भेटवून दे. ती एकेक नाव वाचत गेली आणि ते प्रत्येक नावाला हात लावून कपाळाला लावत गेले. खाली येता येता स्वतःच्या नावापाशी पोचले. वाचता येत नसलं तरी रेघ दिसत होती.

“अन् माझ्यापाशी येऊन रेघ तुटली काहून? शाई सरली का मास्तरची?”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिनं सूची वाचली होती. मागून माझ्या एका चुलतभावानं, काही न समजता, ती मोठ्यानं वाचून दाखवली. रक्ताचे नाते नाही.

मोठे बाबा मग म्हणाले, “बराबर हाय. शिकलेल्या माणसानं बराबरच लिवलं असंल.” आणि आत जाऊन नातवंडांना पेढे वाटायला लागले.

तळीच्या वेळी त्यांनी हात लावला नाही. खांदा दुखतो म्हणाले. चार हात झाले, पाचव्यासाठी त्यांच्या थोरल्या मुलाला बोलावलं, तर तोही म्हणाला, मी पाणी भरून येतो. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी हात लावला. त्यांच्या मुलांनी माझ्याशी भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते मला जाताना नेहमीसारखं पोतंभर भुईमुगाच्या शेंगा आणि वांगी देऊन गाडीपर्यंत आले.

मी अमेरिकेला फोटो पाठवला. पुतणीचा फोन आला. खूश होती, पण तिनं विचारलं, काका, ही तुटक रेघ काय? मी सांगितलं. ती म्हणाली, सासूबाईंच्या फ्रेममध्ये पाचव्या पिढीत एकच मुलगा आहे. तो अनाथाश्रमातून आणलेला होता. त्यांचं आडनाव पुढं चाललं ते त्याच्यामुळेच. सासूबाई त्याचं सगळं सांगतात, पण रेघ सारखीच काढलीय.

तिनं मला दोष दिला नाही. दुसऱ्याच विषयावर गेली, तिकडं बर्फ पडतंय वगैरे. फोन ठेवल्यावर मी पुन्हा तो फोटो उघडून ती रेघ पाहिली.

तरी मी माफी मागितली नाही. मी काय केलं, तर दुसरा फ्लेक्स छापला. आजीचा चौकोन टाकला, तिच्यापासून तिन्ही मुलांना सरळ रेघा, सूची काढून टाकली. होळीच्या सुमारास गावी जाऊन जुना उतरवून नवा लावला. हळद शिजवायचं काम चालू होतं, वाफेत सगळं अंगण भरलेलं. मोठे बाबा कढईपाशी बसले होते. मी त्यांना हाताला धरून आणलं, रेघ दाखवली. त्यांनी बोटानं चाचपून पाहिली. आईचा चौकोन कुठला ते मी सांगितल्यावर त्यावर हात ठेवून तो कपाळाला लावला. म्हणाले, चांगलं केलं, माय आली कागदावर. मग मला विचारलं, जेवला का? मी जेवलो. मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं, हे मला पुढच्या चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी कळलं. त्यांनी नातवाकडून फोन लावून घेतला. आवाजात राग नव्हता, उलट मला धीर द्यावा तसे बोलत होते.

“मास्तर, यंदा देव घेऊन जाय तुझ्या घरी. तळी तिकडंच उचला. टाक धुऊन-पुसून ठेवले हाईत.”

मी म्हटलं, मोठे बाबा, असं काहून बोलून राहिले? ते म्हणाले, अरे, मी सांभाळले इतकी वर्षं, कसूर न्हाई केली. पण ज्याचे त्याच्यापाशी असावेत. मी मेल्यावर पोरांना कुणी विचारलं, हे तुमच्यापाशी कसे, तर पोरांनी काय दाखवावं?

दाखवायला फ्लेक्स होता, पण तो मीच छापलेला. एकदा बदलणारा माणूस पुन्हाही बदलू शकतो. आता ते देव माझ्या घरी आले असते तर घराण्याशी असलेला धागा मोठ्या बाबांनी आपल्याच हातानं, कुणाला त्रास न देता सोडवला असता. आणि भावकीत सगळे म्हणाले असते, बरं झालं, म्हाताऱ्याच्या जिवाची दगदग वाचली.

चंपाषष्ठीला मी बायको आणि मुलीला घेऊन सकाळीच गेलो. भावकीला फोन करून सांगितलं होतं की तळी गावातच आहे, दरवर्षीच्या जागी. मोठ्या बाबांना ते पटलं नव्हतं, पण माणसं आल्यावर त्यांनी चटया टाकल्या, पाणी दिलं. देवघरात टाक पिवळ्या फडक्यात बांधून ठेवलेले. फडकं धुतलेलं होतं, गाठही नीट मारलेली. ते ओसरीच्या खांबाला टेकून बसले, शालीत दोन्ही हात घेऊन. माझ्याकडं बघून म्हणाले, गाडीत मागं ठेवू नको हां, मांडीवर घे. सांडतील.

मी फडकं उचललं नाही. मुलीनं ताट आणलं, विडे, खोबरं, भंडारा मांडला. चौघं बसले आणि माझ्याकडे बघायला लागले. एकानं विचारलं, काहून थांबला मास्तर? मला वाटलं होतं, मी त्यांना बाजूला घेऊन हळूच बोलेन. सगळी वाट मी तेच ठरवत आलो होतो. पण मी त्यांना बाजूला घेऊन लहान केलं नव्हतं. भर ओसरीत, सगळ्यांदेखत केलं होतं. म्हणून मी तिथंच, ताटापाशी उभा राहिलो.  मुलगी माझ्याकडं बघत होती.

मी मोठ्या बाबांपुढं खाली बसलो आणि त्यांच्या पायांवर हात ठेवले. ते म्हणाले, उठ, लोक बघून राहिले. मी म्हटलं, बघू द्या.

“मोठे बाबा, गेल्या वर्षी मी जे लिहिलं ते चुकून नव्हतं लिहिलं. तिकडच्या पाहुण्यांना आपली वंशावळ दाखवायची होती, आणि आजीनं पाट लावला होता याची मला लाज वाटली. स्वतःच्या आजीची लाज वाटली. ती झाकायला मी तुम्हाला परकं केलं. तुम्हाला लागेल हे मला रेघ काढतानाच माहीत होतं, तरी काढली. मग कागद बदलला, पण तोंडानं बोललो नाही, कारण बोललो असतो तर हे सांगावं लागलं असतं. मी चुकलो. सगळ्यांदेखत तुमची माफी मागतो. देव इथंच राहतील, आणि तळीला पहिला हात तुमचाच.”